दोनशे तीस अंश

सर्जेकोटच्या बर्फ कारखान्याच्या गच्चीवर
एक्क्याण्णव सेंटिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची नळी उभी केली
तेव्हा आत्माराम मोंडकर खालून ओरडले,
"चेडवा, एवढ्याश्या काडयेक दर्यो ऐकाक येतलो?"
येतलो, म्हटलं. लहरीची लांबी एक मीटर एक्क्याण्णव,
निम्मी घेतली, टोकांसाठी थोडी कापली.
बाकी गणित.

नळीचे एकवीस तुकडे करायचे, कागदावर.
कुठल्या तुकड्यात किती प्रवाह, ठाऊक नाही.
ठाऊक एवढंच, की टोकाशी शून्य,
तिथून पुढे जायला जागाच नाही.
मधल्या अकराव्याला वीज द्यायची
आणि एकेकाला विचारायचं,
बाकीच्या विसांचं तुझ्यावर किती ओझं?
स्वतःचं स्वतःवर किती, तेही.
चारशे एक्केचाळीस घरांची चौकट भरते,
लॅपटॉपचा पंखा घुरघुरतो,
आणि उमटतो मेदूवडा.
खरंच. वर्गात पोरांना मी तसंच सांगते.
चहूबाजूंना सारखं बोलणारी आकृती,
डोक्यावर मात्र गप्प.
टाकीवर घिरट्या घालणाऱ्या घारीला
यातलं काही कळणार नाही.

आठ दिवसांनी मोंडकरांची तक्रार आली,
रेडिओवर नव्हे, जेटीवर, टोपली उतरवता उतरवता:
"निवतीच्या बाजूक गेलंय काय तुझो आवाज मरता."
मी म्हटलं, बॅटरी असेल.
बॅटरी नव्हती.

मग मोजायला निघालो. अर्धं वर्तुळ 'रामेश्वरप्रसाद'वरून,
दर दहा अंशांना इंजिन बंद,
ते होकायंत्राशी, मी मीटरशी;
उरलेलं अर्धं कोळंबकडून स्कूटरने,
एकदा कलमांखाली, एकदा कुणाच्या खळ्यात,
जिथे बाईंनी विचारलं, "टॉवर येतलो काय गो?"
दोनशे तीस अंशांवर काटा झोपला.
वड्याचा तिथे कुणी घास घेतला होता.

रात्री चौकट पुन्हा मांडली.
या वेळी नुसती नळी नाही. जिना घातला,
टाकीचा पत्रा घातला,
आणि अर्ध्या मीटरवर, नैर्ऋत्येला,
सिमेंटच्या ठोकळ्यात रोवलेला
पंधरा ऑगस्टचा लोखंडी खांब,
माझ्या नळीहून चार बोटं लांब.
त्याला कुणी वायर जोडली नव्हती.
तरी आकड्यांत त्याच्या अंगातून प्रवाह चालला होता,
दुसऱ्याचं बोलणं ऐकताना
नकळत ओठ हलवणाऱ्या माणसासारखा.

एक नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहिते,
सिद्धता सोडून देते, वेळ नसतो:
अँटेना ज्या दिशेला बोलत नाही
त्या दिशेचं तिला ऐकूही येत नाही.
डेसिबलला डेसिबल.
म्हणजे तिकडून मोंडकरही हाका मारत असणार.
विचारलं.
"मारलंय. तीन येळा.
मगे म्हटलंय, चेडू जेवता असतला."

खांब काढला. जागी माणग्याची काठी,
वाळलेला बांबू लहरींना जवळजवळ दिसत नाही.
झेंडा काठीवरही फडकतो, हे सेक्रेटरींना पटवायला
सगळ्या गणितापेक्षा जास्त दिवस गेले.

आता काटा उठतो. पण हिशेबाहून
तीन डेसिबल कमी, आणि तेही कधी कधी.
मी खडक घातले, किल्ल्याचा तट घातला,
पाण्याचा खारेपणा वरखाली करून पाहिला.
तीनाचे तीन.
मोंडकर खांद्यावरून वाकले,
"ह्या सगळ्यात दर्यो खय आसा?"
दाखवला: पडद्याच्या तळाशी
एक सपाट, अमर्याद, न हलणारी रेघ.
बराच वेळ बघत राहिले.
मग तोंडावर हात धरून
हसू दाबायला लागले.