उजवी, वरची

भिंग उजव्याच डोळ्यात बसतं माझ्या,
चाळीस वर्षं, त्याच खोबणीत.
म्हणून पापणी जड झाली तेव्हा वाटलं
कडा रुतली असेल.

दांडिया बाजारात दुकान, चार फूट रुंद.
शेजारी फरसाण. जसुमतीबेननी झारा हातात धरूनच
निदान केलं: "आंजणी छे.
कोणाला काही देईन म्हणून दिलं नाही तुम्ही."
मी आठवत बसलो.
खणात दोन घड्याळं होती, दुरुस्त होऊन पडलेली,
न्यायला कोणी न आलेली.
ती धरायची का यात?

घरी तिचं नाव रांजणवाडी.
सुलभानं सहाणेवर खारकेची बी उगाळली,
तर्जनी तळहातावर घासघासून तापवली
आणि टेकवली. बोटाला आल्याचा वास.
बरं वाटलं. तेवढ्यापुरतं.

चार दिवसांत ठणका गेला, गाठ राहिली.
दुखेना, म्हणून विसरावी,
तर गिऱ्हाईक माझ्याशी बोलताना
डोळ्यात न बघता
डोळ्याच्या जरा वर बघे.

डॉक्टर मजमुदार माझ्या मुलीच्या वयाची.
पापणी तिनं उलटली अलगद,
पोथीचं पान उलटावं तशी.
"काका, इथे तेलाच्या बारीक नळ्या असतात,
उभ्या, एकीला एक लागून.
डोळा मिटला की कणभर तेल सोडतात,
अश्रू वाळू नयेत म्हणून.
एकीचं तोंड बुजलंय. आतलं तेल थिजलंय."
तिचं वाक्य संपायच्या आत मला कळलं.
जुनं चावीचं घड्याळ उघडावं
तर आत हेच:
कोणीतरी हौसेनं घातलेलं तेल,
आधी मध, मग मेण,
चाकाला फिरायचंय आणि फिरता येत नाही.
तिथं आम्ही जोर लावत नाही.

"मग इथंही लावू नका," ती म्हणाली.
"पिळायचं नाही, टोचायचं नाही.
ऊन पाण्यात बुडवलेला स्वच्छ फडका, दहा मिनिटं, दिवसातून चारदा.
मग बोटानं हलकेच, वरून खाली, केसांकडे."
मलम?
"मलमानं ही जात नाही. शेकानं जाते,
तुम्ही कंटाळला नाहीत तर."

दहा मिनिटं.
लोकांचे सेकंद जुळवले आयुष्यभर,
पण डोळे मिटून, हात रिकामे ठेवून
दहा मिनिटं कधी बसलो नव्हतो.
आणि फडका दोन मिनिटांत गार होतो,
हे डॉक्टर सांगत नाहीत.
पुन्हा बुडवा, पुन्हा पिळा.
घरी सुलभा पातेलं घेऊन उभी,
मनगटावर थेंब टाकून बघते आधी,
लेकीचं दूध बघायची तसा.
दुपारचा शेक दुकानात, थर्मासच्या पाण्यानं.
मिटल्या डोळ्यांना भिंत ऐकू येते.
एकतीस घड्याळं, एकतीस चाली.
तिसऱ्या खिळ्यावरचं लंगडत होतं.
उघड्या डोळ्यांनी कधी कळलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात वाटाणा.
मग मूग.
मग बरेच दिवस मूगच,
आणि मी चिडून एक शेक चुकवला, नंतर दोन.
पुन्हा धरले.
सहाव्या आठवड्यात मोहरी.

"छान," डॉक्टर म्हणाली. "नसती गेली, तर
आतल्या बाजूनं बारीक चीर देऊन काढली असती.
आणि काका, याच जागी परत आली, तर थांबू नका.
तुमच्या वयात तीच गाठ तिथंच पुन्हा आली
की तुकडा तपासायला पाठवतो आम्ही."
हे तिनं फार हलक्या आवाजात सांगितलं.
मी ओळखतो तो आवाज. माझाच आहे:
चालेल, पण लक्ष ठेवा.

आता शटर उघडलं की
भिंगाआधी बोट जातं पापणीवर.

खणातलं एक घड्याळ गुरुवारी गेलं.
मालक नव्हे, मालकाचा मुलगा आला होता,
पावती नव्हती, फक्त वडिलांचं नाव.
पैसे घेतले नाहीत.
जसुमतीबेनना बोललो नाही.
फार आनंद झाला असता त्यांना.