धारण तलाव

बेलापूरला, कुटुंब न्यायालयात,
सबनीस मॅडमनी कोरा कागद मधे सरकवला.
म्हणाल्या, आठवड्याचे सात रकाने पाडा.
रेघा मी मारल्या. सवयीचा हात,
महापालिकेत सोळा वर्षं नालेच आखतोय.
शलाका म्हणाली, शनिवार तिरका आलाय.
आम्ही दोघं हसलो
आणि लगेच गप्प झालो,
परक्या घरात हातून कप फुटल्यासारखे.

मग भरत गेलो.
शाळेचे दिवस सानपाड्याला, आईकडे.
एकाआड एक शुक्रवार, संध्याकाळी सातला, कोपरखैरण्याला,
रविवारी सहापर्यंत.
गणपती सम वर्षी इकडे, विषम वर्षी तिकडे.
अभ्यंगस्नान तिकडे, भाऊबीज इकडे,
ओवाळायला चुलतभाऊ इकडेच आहेत म्हणून.
मे महिना सोळा तारखेला, दुपारी बारा वाजता कापला.
ज्याच्याकडे ताप, त्याची रजा.
कलम अकरा : मुलीसमोर एकमेकांविषयी वाईट बोलायचं नाही.
इथे शलाकाने पेनाला टोपण लावलं,
परत काढलं, सही केली.

आणायची-सोडायची जागा मीच सुचवली,
वाशी, सेक्टर आठ, धारण तलावाचा कठडा.
दोन्ही घरांच्या साधारण मधे,
आणि तलाव माझ्या खात्याचा.

मनवाला मी सांगतो,
भरती आली की ही दारं मिटतात,
खाडी आत येत नाही.
ओहोटीला उघडतात, शहराचं पाणी निघून जातं.
वेळांचा तक्ता असतो.
ती विचारते, आणि मासे?
दार मिटताना जो मधेच असेल, तो?
मी म्हणतो, मी पाण्याचा माणूस,
माशांचं मला माहीत नाही.
हे सांगत नाही, की दारं कधीची गंजलीत,
नीट मिटत नाहीत,
तळ गाळाने भरलाय
आणि गाळात खारफुटी उगवलीय, आराखड्यात नसलेली.
ती काढायची तर पुन्हा कोर्टच.

परवाचा रविवार, साडेपाच.
मी पेरू कापून आणलेला, तिखटमीठ लावून.
तिने फोड घेतली, नुसती चाटली.
वरचा दात हलतोय, बाबा.
मग चाव ना, पडेल.
नाही, म्हणाली,
मागचा तुझ्याकडे पडला होता.
हा आईकडे पाडायचाय.

सात वर्षांची पोर,
दाताला आतून जिभेचा टेकू देऊन बसलेली,
दप्तर मांडीवर.
आमची चौदा पानं, वकिलांचे शिक्के,
आणि पंधरावं पान ती एकटीच लिहीत होती,
केव्हापासून, कोण जाणे.
म्हणता आलं असतं, अगं, पडू दे कुठेही.
तेवढ्यात स्कूटर आली.

शलाकाने विचारलं, खाल्लंय काही?
मी म्हटलं, पेरू नाही खाल्ला.
हेल्मेटचा पट्टा मी लावून दिला,
हनुवटीला चिमटा बसू नये म्हणून
मधे बोट घालून.

बुधवारी फोन आला.
बुधवार माझा नाही. छातीत धस्स झालं.
शाळेत पडला, शलाका म्हणाली, पीटीच्या तासाला.
बाईंनी कागदात बांधून दिलाय.
तेव्हापासून रडतेय,
म्हणते, हा कोणाकडेच नाही पडला.
मग बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.
मागे कुठेतरी नळ वाहत होता.
म्हटलं, मी येऊ का?
थांब, म्हणाली, कागद बघते.
मला वाटलं, करारनामा.
ती पुडी शोधत होती,
डब्याच्या पिशवीत.