साडेअकराची जागा

त्या आठवड्यात नऊ नावांवर रेघ ओढली मी.
पेन्सिलीनेच. शाई नको, असं येर्का म्हणते,
खोडता आलं पाहिजे माणसाचं न येणं.

पुंता अरेनासला वारा सुटला
की भर चौकात दोर बांधतात, धरून चालायला.
म्हणून आधी सगळा दोष वाऱ्यावर टाकून मोकळ्या झालो.
पण वारा पडला त्या गुरुवारीही
साडेअकराची खाट तशीच,
चादरीला एक सुरकुती नाही,
शेकायची पिशवी आपली आपणच निवत गेलेली
आणि येर्का खिडकीशी,
स्वतःचाच अंगठा चोळत.

यादीत अकरा जण थांबलेत.
त्यांतल्या एकीला मार्चपासून
हात वर नेऊन केस विंचरता येत नाहीत.

उपाय झाले. आदल्या दिवशी निरोप:
तो नंबर बँकेच्या वसुलीचा वाटतो म्हणे, उचलत नाहीत.
कार्डावर मोठ्या अक्षरांत तारीख:
कार्ड फ्रिजवर, आणि फ्रिज मुलीच्या घरी.
दंड लावा, म्हणाला हिशेबनीस. लावला.
दोनदा चुकवलेला माणूस तिसऱ्यांदा फिरकलाच नाही.
गुडघा त्याचा, पैसेही त्याचेच राहिले.

शेवटी मीच बसले फोन घेऊन.
मी नोल्फा, दारापाशी बसते ना, ती.
रागावायला नाही केला फोन.

फ्रेसिया म्हणाली, बस पोचते अकरा चाळीसला,
पुढे चढ.
उशिरा येण्यापेक्षा न आलेलं बरं, नाही का?
मी बारा लिहिले.
इतकंच होतं ते. सात महिने इतकंच होतं.

मग एलेउतेरियो बारिया.
चाळीस वर्षं खेकड्यांच्या बोटीवर, उजवा खांदा गेलेला.
बराच वेळ नुसता रेडिओ ऐकू येत राहिला, मागे किटली.
मग म्हणाला,
तो पिवळा रबरी पट्टा दिला होता ना तिने,
रोज वीस वेळा ओढायला?
एकदासुद्धा ओढला नाही.
कोंबड्यांचं फाटक बांधलंय त्याने.
आता कुठल्या तोंडाने येऊ?

हसू आलं, पण गिळलं.
किती जण असे बसले असतील घरी
न केलेला अभ्यास मांडीवर घेऊन,
सत्तरीची मुलं.

त्या दिवसापासून निरोपाच्या शेवटी एक ओळ घालते:
व्यायाम केला नसला तरी या.
येर्का आधी भडकली. मग कोणी करायचेच नाहीत, म्हणाली.
करत नाहीतच, मी म्हटलं,
फक्त आता इथे येऊन करत नाहीत.

पुढच्या गुरुवारी साडेअकराला दोन मिनिटं कमी असताना
तो दारात. टोपी हातात,
खिशात तो पट्टा, धुतलेला,
तरी एक पीस चिकटलेलं.
येर्काने ते अलगद काढलं, टेबलावर ठेवलं,
आणि कपाटातून नवा पट्टा आणला.
हा खांद्याचा. तो राहू दे फाटकाला.

नऊचे चार झालेत.
त्या चारांतला एक, बुधवारी दोनचा,
अजून उचलत नाही.
मी रोज जेवणानंतर एकदा लावते.
वाजतो. तिकडे कुठल्या तरी खोलीत
कोणीतरी मोजत असेल किती वेळा वाजला.