जन्मगाव

आंजनखेडहून दीड मैल, भिवटेकहून दीड मैल.
इंग्रजाच्या ओव्हरसियरनं साखळी टाकून मोजलं म्हणे,
आणि दोन्ही गावची माणसं भर उन्हात
कड्या मोजत साखळीमागं चालली.
एक कडी इकडं सरकती तर डोकी फुटती.
म्हणून स्टेशन असं मधोमध,
तरोट्याच्या पडीत माळावर,
जिथं ना विहीर, ना सावली.

मग नावाची पंचाईत.
पाटीच्या एका अंगाला आंजनखेड-भिवटेक,
दुसऱ्या अंगाला भिवटेक-आंजनखेड.
जाणारी गाडी एकाला मान द्यायची, येणारी दुसऱ्याला.
एका साली पेंटर चुकला,
दोन्हीकडं सारखंच लिहून गेला.
त्याच रात्री भिवटेकच्या पोरांनी डांबर आणलं.
आठवडाभर गाडी
अर्ध्या नावाला थांबत होती.

नायडू मास्तरांकडं शिक्के दोन.
खिडकीतल्या माणसाचं तोंड बघून ते शिक्का उचलायचे.
भाडं तेच, अंतर तेच, पुठ्ठ्याचं तिकीट तेच.
'आमच्या टेशनाचं द्या' म्हटलं की झालं.
आंजनखेडच्या जिनातल्या गठाणी,
भिवटेकच्या संत्र्याच्या करंड्या
एकाच डब्यात.
सरकीनं संत्र्याला विचारलं नसेल
तू कोणाकडची.

गाडी तीन-तीन तास उशिरा.
त्या उशिरातच सोयरिकी जुळल्या,
बैलांचे सौदे झाले, दोन खटले मिटले, एक नवा लागला.
पंचफुलाबाई टोपलीत फुटाणे घेऊन बसायची,
माहेर भिवटेक, सासर आंजनखेड.
कुणी खोदून विचारलं, बाई, तू कोणाच्या बाजूनं,
तर म्हणायची,
"म्या गाडीच्या बाजूनं. थे आली का माह्या पोटाले भेटते."

माझा बाप उकंडा, पॉइंट्समन.
मालगाडीला हिरवा दाखवायला तो गेला
आणि इकडं क्वार्टरात मी झालो.
सुईण पंचफुलाबाईच. नाळ तिनं
फलाटामागच्या बाभळीखाली पुरली.
दाखल्यासाठी बाप आंजनखेडला गेला: "आमच्याकडं नोंद नाही व्हत."
भिवटेकला गेला: "तिकडचंच लेकरू व्हय थे."
शेवटी शाळेच्या हेडमास्तरानं
दौत पुढं ओढली आणि जन्मगावच्या रकान्यात लिहिलं
'स्टेशन'.

बंद झालं ते कुणाला कळलंच नाही.
रूळदुरुस्तीसाठी गाडी काही काळ बंद राहील,
अशी फळ्यावर खडूची एक ओळ.
पावसानं ओळ धुतली.
काही काळ तेवढा राहिला.
मग आंजनखेडला एसटी आली एका रस्त्यानं,
भिवटेकला दुसऱ्या.
आता लग्नाच्या पत्रिकासुद्धा
एकमेकांकडं जात नाहीत. भांडणही नाही.
भांडायला तरी कुठं भेटणार?

परवाच्या पोळ्यानंतर
वेटिंग रूममध्ये एक म्हातारा मेलेला सापडला.
खिशात विडीचं बंडल, बाकी काही नाही.
शंभर वर्षं आमचं-आमचं म्हणणारी दोन गावं
फलाटावर समोरासमोर उभी राहिली
आणि म्हणाली, तुमचं. तुमच्या हद्दीत येते.
जमादारानं टेप काढला, तीस मीटरचा.
एक टोक मी धरलं.
तो कोणत्याच गावाला पुरेना.

आम्ही चौघांनीच नेलं त्याला,
मी, पंचफुलाबाईचा नातू, आणि दोघं जण
ज्यांचं गाव मी विचारलं नाही.
लाकूड बाभळीचं.
कोणत्या बाभळीचं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

पंचनाम्यावर सही करताना जमादारानं विचारलं,
"तुमचं गाव?"
त्यानं पेन वर धरलेला. मी
पाटीकडं पाहिलं. एका अंगाला गंज,
दुसऱ्या अंगाला
मधमाश्यांचं पोळं.