जागा

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागच्या खोलीत
सोनक्का मगदूम शिकवायच्या.
दिवसभर चाळणीवर हात,
दिवे लागले की पदर दोनदा झटकून तंबोरा.
तरी भोपळ्याला वास यायचाच.

शिव्या कानडीत, हिशेब मराठीत,
बंदिश कुठल्याशा मथुरेकडच्या बोलीत.
अर्थ विचारला तर म्हणायच्या,
आधी सुरात ये, मग शहाणी हो.

भीमपलास चढायच्या जपून.
कोमल निषादावर आल्या की थांबायच्या,
घशात उभा राहिलेला खोकला
गिळायच्या,
मग षड्ज.

हे आम्ही वहीत लिहून घेतलं नाही.

रेडिओवर एकदाच गेल्या, धारवाडला.
मगदूमचं तिथं मुकादम झालं.
दुरुस्त केलं नाही त्यांनी.
परतीच्या एसटीत हसत राहिल्या:
आज मुकादमीण झाले गं,
उद्या वखारीत कुणाची हजेरी मांडू?

गेल्या तेव्हा तंबोऱ्याची एक तार उतरलेलीच होती.
ती तशीच आहे माझ्याकडं.

परवा टिळकवाडीत
माझी अकरा वर्षांची शिष्या गायला बसली.
तंबाखूचं पान तिनं पाहिलेलंही नाही.
निषादावर आली
आणि थांबली.

मागून कुणी म्हणालं, वा, काय जागा घेतली!
कुठल्या घराण्याची, बाई?

मी सांगणार होते.
पेटीचा भाता हलवत राहिले.
पोरगी तोवर षड्जावर पोचली होती,
कोरड्या, मोकळ्या छातीनं.