शेड नंबर चारशे सतरा

एकतीस वर्षं आम्ही बर्गंडी रंगवतोय.
राजमल्लू मास्तरांच्या वहीत कृती आहे:
लाल एवढा, निळा नावापुरता, मीठ, सोडा, साठ अंश.
टॉवेल झाले, नॅपकिन झाले,
एकदा होटगीच्या एका बँडपार्टीचे डगले.
बर्गंडी नावाचा मुलूख आहे, तिथे माणसं राहतात,
हे कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

मेच्या मधल्या आठवड्यात बाटली आली,
नापास नमुन्यांच्या खोक्यात, आमच्याच टॉवेलांत गुंडाळून.
माल घेणाऱ्या बाईंच्या मावशीचा मळा.
मावशी, तिचे यजमान, अधूनमधून एक जावई.
जमीन किती? पावणेचार एकर.
"म्हणजे नान्नजच्या माझ्या साडूपेक्षाही कमी,"
इरण्णा फिटर म्हणाला,
आणि स्क्रू पिळून पकडीनं बूच उपटलं.

वीज गेलेली. माग गप्प.
ग्लास नव्हते, लॅबमधले बीकर तीनदा धुतले.
मास्तरांनी बीकर दारातल्या उजेडात धरला,
मागे पांढरं फडकं.
बराच वेळ.
"फिका आहे. हा आपला शेड नाही. बॅच नापास."

मग प्यायले. म्हणजे आधी, जुन्या सवयीनं,
करंगळी बुडवून जिभेला लावली,
जशी रंगाच्या हौदात बुडवायचे, डॉक्टरनं बंद करेपर्यंत.
मी गोडाची वाट बघत होते. गोड नव्हतं.
जांभळाची बी चघळल्यावर गाल आत ओढतो, तसं काही,
मग पाणी फिरलेल्या सरीतली माती,
आणि गिळून झाल्यावर, उशिरा,
कसलंसं फूल. ते मला अजून ओळखता आलेलं नाही.
इरण्णानं डब्यातली शेंगाचटणी तोंडात टाकली.
मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं,
जसं ओल्या कापडावर चप्पल ठेवणाऱ्याकडे पाहतात.

"बागुंदि," ते म्हणाले. त्यांचं तेलुगू
हिशेब जुळल्यावरच बाहेर येतं.

तळाच्या घोटात त्यांनी सुताची लड बुडवून ठेवली.
सकाळी बोअरच्या खाऱ्या पाण्यात धुतली
तर राखेसारखी निळी.
लाल गेला कुठे, हौदाशी उभे राहून दोघंही बघत राहिलो.
वहीत चारशे सतराच्या शेजारी तिचा तुकडा टाचलाय,
नंबर न देता.

बाईंना काय कळवू, मी विचारलं.
"कळवा, माल पोचला.
आणि विचारा, पाणी कुठलं वापरतात."