धरणारा

माझं काम धरण्याचं.
टोचतात पारनेरकर बाई, चिठ्ठी त्याच लिहितात,
पैसे घेतो खिडकीतला मुश्ताक.
“तुळशीराम, धर,” एवढं ऐकलं की
माझा एक हात जबड्याखाली, दुसरा पोटाला वळसा घालून,
आणि तोंडानं बडबड चालू –
गवारीचा भाव, पीएमटीचा खोळंबा, काहीही.
कुत्र्याला शब्द नको असतात, सूर हवा असतो.
मांजराला तोही नको.
मांजर टॉवेलात गुंडाळायचं, चपातीत भाजी गुंडाळतात तसं,
आणि पुढचं नशिबावर सोडायचं.
(माझ्या मनगटावर बघा. ही दारूवाला मावशींची सोनबाई.
कॅम्पातून येते, भाजीच्या पिशवीत, वर कोथिंबीर.)

रास्ता पेठेत टायरच्या दुकानावर आमचा दवाखाना.
एकोणीस पायऱ्या.
सगळी कुत्री अकराव्या पायरीवर थांबतात.
बाई म्हणतात, स्पिरिटचा वास तिथवर पोचतो.
मला वाटतं,
तिथून मागं वळून बघितलं की रस्ता शेवटचा दिसतो.

दर गुरुवारी वीज जाते.
मग समोरच्या गुऱ्हाळातून बर्फ आणायचा, डब्यात भरायचा,
मधे जाड फडकं, कारण
लशीच्या बाटलीला बर्फ टेकला तरी ती गेली,
ऊन लागलं तरी गेली.
वरून काही कळत नाही.
गेलेली लस पाण्यासारखीच दिसते,
चांगली लससुद्धा पाण्यासारखीच दिसते.

बावीस वर्षं हेच.
या कामात सांगण्यासारखी गोष्ट होत नाही.
लस लागू पडली म्हणजे काय होतं?
काही होत नाही.
कुत्रं घरी जातं, चपलेचा पट्टा खातं, म्हातारं होतं.
न झालेल्या आजाराचे आभार मानायला
एकोणीस पायऱ्या कोण चढणार?

माघात लोहियानगरचा समाधान आला होता.
पाचवी-सहावीतला असेल.
बिस्किटाच्या खोक्यात पिल्लू.
“दोन दिवस खात नाही,” म्हणाला.
खोकं उघडायच्या आधीच मला वास आला.
ज्याला तो वास माहीत आहे, त्याला विचारू नका;
ज्याला नाही, त्याला सांगू नये.
सलाइन लावलं. तीन रात्री मी पाय धरून बसलो,
काडीएवढा पाय, त्यात सुई.
नारळाएवढंही वजन नव्हतं.
चौथ्या पहाटे माझ्या हातात धरण्यासारखं
काही उरलं नाही.

पोरगं रडलं नाही.
विचारलं फक्त,
“ती आधीची सुई कितीची असते?”
बाई हात धूत होत्या.
धूतच राहिल्या.
मुश्ताकनं पावतीपुस्तक मिटलं.
मीही आकडा सांगितला नाही.
मला पाठ होता.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी
टायरवाला खालून ओरडला, “तुळशीराम, वरात आली तुझी!”
सात कुत्री.
सुतळीनं, नाडीनं, एक तर बहिणीच्या ओढणीनं बांधलेलं.
चार मोठी, कान फाटके; तीन गेल्या महिन्याची.
आणि सगळी अकराव्या पायरीवर अडलेली.
समाधान त्यांच्यात बसला होता,
सगळ्यात भित्र्या पांढरीच्या जबड्याखाली एक हात,
दुसरा पोटाला वळसा घालून,
आणि तेराचा पाढा म्हणत होता.
चुकीचा म्हणत होता.
तेरा साते अठ्ठ्याऐंशी.
पांढरीचं काही म्हणणं नव्हतं.

मी खाली उतरलो. पाढा सुधारला नाही.

बाईंनी सात कार्डं काढली.
नाव? लंगडी, काळ्या, पांढरी, दुसरा काळ्या...
मालकाचं नाव?
त्यानं बराच विचार केला.
“गल्ली लिहा,” म्हणाला.
बाईंनी लिहिलं : गल्ली.
पैशाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी बघितलं नाही,
मी लंगडीला धरून होतो.
पिल्लांची पुढची तारीख मात्र मोठ्या अक्षरात,
त्याला वाचता यावी अशी.

उद्या गुरुवार.
गुऱ्हाळवाल्याला बर्फ सांगून ठेवला पाहिजे.